वस्त्रे साताऱ्याची, फौज ज्याची त्याची : मराठा संघाची एकी आणि अधिमान्यता

अनेक राज्ये किंवा राष्ट्रे एकत्र येऊन संघ उभारतात, तेव्हा त्या संघापुढे दोन प्रश्न कायम उभे असतात. पहिला एकीचा असतो : सर्वांच्या वतीने युद्ध, तह आणि वसुली यांचे निर्णय कोणी करायचे आणि एखाद्या घटकाला ते मान्य नसतील तर पुढे काय करायचे. दुसरा अधिमान्यतेचा असतो. हुकूम देणाऱ्याला तो देण्याचा हक्क आहे अशी जी खात्री हुकूम पाळणाऱ्याच्या मनात असते आणि जिच्यामुळे सत्तेला प्रत्येक वेळी तलवार उपसावी लागत नाही, तिला राज्यशास्त्रात अधिमान्यता म्हणतात. हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असले तरी एक नव्हेत, कारण एखाद्या संघात अधिमान्यता एका ठिकाणी, बळ दुसऱ्या ठिकाणी आणि पैसा तिसऱ्याच ठिकाणी असू शकतो. युरोपीय संघाविषयीच्या आजच्या चर्चेत हा विषय वारंवार येतो; मराठी वाचकाला मात्र त्याचे पूर्ण वाढलेले उदाहरण आपल्याच अठराव्या शतकात सापडते, आणि त्या उदाहरणाचे काही निर्णायक प्रसंग जुन्या ठाणे जिल्ह्याच्या एका लहानशा टापूत घडलेले आहेत.

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे गाव आज तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे आणि नित्यानंद स्वामींची समाधी यांसाठी ओळखले जाते. त्याला लागूनच वज्रेश्वरी आहे. वसईचा किल्ला हाती आला तर देवीचे मंदिर बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता आणि १७३९ च्या विजयानंतर तो फेडला गेला, अशी तिथल्या मंदिराची परंपरा आहे. मंदिराचा नगारखाना पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला असेही सांगितले जाते. याच परिसरातील दुगाड येथे डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांशी लढताना रामचंद्र गणेश कानडे हे पेशव्यांचे सेनानी पडले. आणि इथून जवळच असलेल्या वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. संघाचा चढता काळ, त्याला गेलेला तडा आणि त्याचा अंत या तीनही अवस्थांच्या खुणा एका दिवसाच्या घोडदौडीत पाहता येतील इतक्या जवळजवळ आहेत.

मराठा संघ कोणी बसून, मसुदा लिहून स्थापन केलेला नव्हता. शिवाजी महाराजांच्या राज्यात सैन्याला आणि अधिकाऱ्यांना शक्यतो रोख वेतन देण्याचा प्रघात होता, आणि वतनदार फार बळावू नयेत याकडे कटाक्ष होता. १६८९ नंतर, राजाराम महाराज जिंजीस असताना आणि मोगलांशी जीवनमरणाचा झगडा चालू असताना, तो कटाक्ष परवडेनासा झाला. ज्या सरदाराने स्वतःच्या हिमतीवर फौज उभारून शत्रूचा मुलूख मारावा त्याला तोच मुलूख सरंजाम म्हणून मिळू लागला. फौज बाळगण्याच्या मोबदल्यात दिलेला महसुलाचा मुलूख म्हणजे सरंजाम, जो तत्त्वतः परत घेता येण्याजोगा होता पण व्यवहारात बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. राज्य वाचले ते या सोयीमुळे, आणि पुढे पेचात आले तेही तिच्यामुळेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांच्या स्वतंत्र वृत्तीविषयी जो स्पष्ट इशारा आहे, तो याच अनुभवातून आलेला आहे.

दुसरा टप्पा १७१९ चा. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून शाहू महाराजांसाठी स्वराज्याच्या आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे त्यावर आणखी दहावा हिस्सा. त्याबदली शाहूंनी बादशहाच्या सेवेसाठी १५,००० फौज ठेवावी आणि सालिना १० लाख रुपये पेशकश द्यावी असे ठरले. मोगलांशी पंचवीस वर्षांहून अधिक काळ लढलेल्या राज्याने आपल्या वसुलीला मोगल बादशहाचीच सनद घ्यावी, यात विसंगती आहे असे आज वाटते. परंतु त्या काळी दिल्लीची मोहोर हा सर्वत्र चालणारा अधिमान्यतेचा शिक्का होता आणि बाळाजी विश्वनाथांनी तो व्यवहारी नजरेने वापरला.

या उत्पन्नाची जी वाटणी झाली तिच्यात संघाची सारी रचना दिसते. चौथाईचे शंभरातले पंचवीस हिस्से राजबाबती म्हणून छत्रपतींचे. सहा हिस्से साहोत्रा म्हणून पंतसचिवांकडे. तीन हिस्से नाडगौडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीने कोणालाही देण्यासाठी. आणि उरलेले सहासष्ट हिस्से मोकासा म्हणून सरदारांकडे, फौजेच्या खर्चासाठी. शिवाय एकेका सरदाराचे हक्क एका सलग प्रदेशात न ठेवता निरनिराळ्या परगण्यांत विखुरलेले असत, त्यामुळे एकाच गावातून तिघाचौघांचे कमाविसदार आपापला हिस्सा वसूल करायला येत. या गुंतागुंतीचा एक लाभ असा झाला की कोणाही एकाला दुसऱ्यांना डावलून सुखाने राहणे अवघड झाले आणि मुलूख वाढला की प्रत्येकाचा हिस्सा वाढत असल्याने मोहिमांना सर्वांचा हातभार लागू लागला. तोटा असा झाला की हिशेबाचे भांडण कधीच मिटेना. दोन तृतीयांश उत्पन्न फौज बाळगणाऱ्याच्या हाती आणि एक चतुर्थांश राजाच्या, ही वाटणी ज्या दिवशी ठरली त्याच दिवशी बळाचे पारडे कोणीकडे झुकणार हेही ठरले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तरीही शाहू महाराजांच्या हयातीत हा संघ एकत्र राहिला, आणि त्याचे कारण अधिमान्यतेत आहे. पेशवा असो, सेनासाहेबसुभा असो की सेनापती, प्रत्येकाला आपले पद छत्रपतींकडून वस्त्रे मिळाल्यावाचून मिळत नसे. वस्त्रे म्हणजे नेमणुकीच्या वेळी राजाने द्यायचा मानाचा पोशाख. त्याच्यासोबत शिक्का आणि कट्यार येई, आणि पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव व नंतर स्वतःचे, असा क्रम असे. शाहू स्वतः फारसे लढले नाहीत, पण सरदारांतील तंटे तोडणारा राजा म्हणून त्यांची योग्यता मोठी होती. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत पेशवे पहिले बाजीराव यांच्या फौजेकडून सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. राज्याच्या पेशव्याने राज्याच्याच सेनापतीला रणात मारावे हा प्रसंग कोणताही संघ मोडण्यास पुरेसा होता. शाहूंनी दाभाड्यांचे सांत्वन करून सेनापतिपद त्यांच्याच घराण्यात ठेवले. त्याच वर्षी वारणेच्या तहाने कोल्हापूरच्या गादीशी हद्द ठरली आणि दोन छत्रपतींचा वाद निदान युद्धापुरता संपला.

याहून बोलके उदाहरण १७४३ चे आहे. बंगालच्या चौथाईवरून नागपूरचे रघूजी भोसले आणि पेशवे नानासाहेब यांच्यात वितुष्ट आले, आणि नानासाहेबांनी बंगालचा नवाब अलीवर्दीखान याची बाजू घेऊन रघूजींना तिथून हुसकावले. एका घटकाने परक्याच्या बाजूने दुसऱ्या घटकावर शस्त्र धरल्याचा हा प्रकार होता. शाहूंनी दोघांना साताऱ्यास बोलावले आणि प्रदेशांची वाटणी करून दिली : बंगाल-ओरिसाची बाजू भोसल्यांची, माळवा, बुंदेलखंड, आग्रा, अजमेर पेशव्यांचे. ज्यांच्या फौजा साताऱ्याच्या राजापेक्षा कितीतरी मोठ्या होत्या अशा दोघांनी हा निवाडा मानला, आणि नागपूरकरांनी पुढे १७५१ मध्ये अलीवर्दीकडून ओरिसाचा महसूल व बंगालची १२ लाखांची चौथाई मिळवली ती याच निवाड्याच्या आधारावर. फौजेवाचून चाललेला हा हुकूम म्हणजे अधिमान्यता, आणि मराठा संघाच्या साऱ्या इतिहासात तिचे इतके शुद्ध रूप पुन्हा दिसत नाही.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निपुत्रिक वारले. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांनी आपला नातू म्हणून पुढे केलेले रामराजे गादीवर आले. पण सांगोल्याच्या ठरावाने कारभार पेशव्यांकडे गेल्यावर ताराबाईंनी त्यांना साताऱ्यात कैदेत टाकले आणि हा आपला नातूच नव्हे असे पुढे शपथेवर सांगितले. ज्या एका व्यक्तीच्या साक्षीवर राजाचा वारसा टिकून होता तिनेच ती साक्ष मागे घेतली, आणि तरीही रामराजे मरेपर्यंत, म्हणजे १७७७ पर्यंत, छत्रपती राहिले. याचा अर्थ असा की आता गादीवर कोण आहे याला महत्त्व उरले नव्हते. गादी आहे, एवढेच पुरे होते. ताराबाईंच्या हाकेवरून पेशव्यांवर चालून आलेल्या दमाजी गायकवाडांचा पराभव झाला आणि त्यांना गुजरातेतील अर्धा हिस्सा द्यावा लागला. पेशवे संघाचे प्रमुख झाले, पण शाहूंच्या जागी ते न्यायाधीश म्हणून बसू शकले नाहीत, कारण प्रत्येक तंट्यात ते स्वतः एक पक्षकार होते. गायकवाडांची बाकी, भोसल्यांची नजर, होळकरांच्या वारसाची मंजुरी, यांपैकी ज्याचा निवाडा करायचा त्यातच निवाडा करणाऱ्याचा लाभ गुंतलेला असे.

केंद्राकडे काही साधने होती हे नमूद केले पाहिजे, अन्यथा चित्र एकांगी होईल. सरंजामी सरदारांच्या फौजेत आणि दफ्तरात दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरकदार पुण्याहून नेमलेले असत. सरदाराला त्यांना काढता येत नसे आणि हिशेब त्यांच्या हातून हुजुरात जात. प्रत्येक मोठ्या सरदाराचा वकील पुण्यास राही. वारसाला सरदारीची वस्त्रे पेशव्यांकडून घ्यावी लागत आणि त्यासाठी नजर भरावी लागे. पानिपतच्या, म्हणजे १७६१ च्या पराभवानंतर अवघ्या आठ वर्षांत, १७६९ मध्ये, थोरल्या माधवरावांनी रामचंद्र गणेश आणि विसाजी कृष्ण यांच्या हाताखाली महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांना देऊन उत्तरेत मोहीम धाडली आणि १७७२ मध्ये शाह आलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर बसवले, ही गोष्ट केवळ भावनेच्या जोरावर घडलेली नाही. परंतु ही सर्व साधने पुणे आणि एकेक सरदार यांना जोडणारी होती. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले आणि पटवर्धनांसारखे दक्षिणेतले सरदार एकत्र बसून ज्यात मत देतील, तक्रार मांडतील आणि बहुमताने किंवा एकमताने निर्णय करतील अशी कायम सभा संघाला कधीच नव्हती. प्रत्येक धाग्याचे एक टोक पुण्याला बांधलेले, आणि टोकापासून टोकाकडे जाणारा आडवा धागा नाही, अशी ही वीण होती. पुण्यातली गाठ सैल झाली की सारेच सुटत.

ती गाठ सैल करणारा प्रश्न नेहमी एकच असे : वारसाचा. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. नंतर नारायणरावांच्या पत्नीला मुलगा झाला, आणि बारभाईंनी, म्हणजे नाना फडणीस प्रभृती कारभाऱ्यांच्या मंडळाने, त्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावे साताऱ्याहून वस्त्रे आणली. एकाच गादीने एका वर्षाच्या आत दोघांना नेमले होते. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात, मदतीच्या बदल्यात, साष्टी व वसई देण्याचे कबूल करून बसले. चिमाजी अप्पांनी दोन वर्षे लढून घेतलेला मुलूख त्यांच्याच पुतण्याने कागदावर देऊन टाकला, हे खरे. पण रघुनाथरावांचा दावा ऐकून घेऊन तो फेटाळणारी सर्वमान्य जागा कोणती होती, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. ती नव्हती म्हणूनच दाव्याचा निकाल रणात लागायचा होता, आणि रणात उसनी फौज मिळत होती ती मुंबईत.

त्यातून पेटलेल्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातील १७८० चा डिसेंबर महिना संघाच्या स्थितीवर लख्ख प्रकाश टाकतो. जनरल गॉडर्डने वसईला वेढा घातला होता, आणि किल्ल्याला मदत पोहोचवू पाहणाऱ्या पेशव्यांच्या फौजेला कर्नल हार्टलेने दुगाडच्या परिसरात अडवून धरले. रामचंद्र गणेश तिथे पडले, आणि त्याच सुमारास वसईही गेली. अकरा वर्षांपूर्वी शिंदे-होळकरांना बरोबर घेऊन उत्तर जिंकायला निघालेला हा सेनानी कोकणच्या टेकड्यांत लढत असताना संघाचे इतर घटक कोठे होते? महादजी शिंदे माळव्यात इंग्रजांची दुसरी फौज अंगावर घेऊन होते, आणि तेही तितकेच आवश्यक होते. बडोद्याच्या फत्तेसिंग गायकवाडांनी मात्र त्याच वर्षी जानेवारीत इंग्रजांशी स्वतंत्र तह केला होता. नागपूरकर मुधोजी भोसल्यांनी नाना फडणिसांच्या इंग्रजविरोधी आघाडीत सामील होऊन फौज ओरिसापर्यंत पाठवली, पण वॉरन हेस्टिंग्जकडून पैसे घेऊन ती तिथेच थोपवली. गायकवाडांच्या वागण्याला फितुरी म्हणण्याची पद्धत आहे. तथापि ज्या घराण्याचे निम्मे राज्य पेशव्यांनी तीस वर्षांपूर्वी वाटून घेतले आणि ज्याचा वारसाहक्क प्रत्येक पिढीत पुण्यात लिलावाला काढला, त्याला संघात राहून काय मिळत होते हाही प्रश्न विचारायला हवा. संघातून बाहेर पडण्याची सरळ वाट नसली की घटक परक्याशी तह करून बाहेर पडतात.

१७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि तहाला जामीन राहिले महादजी शिंदे. एका घटकाने संघ आणि परकी सत्ता यांच्यातील तहाची हमी द्यावी, ही घटना महादजींच्या कर्तबगारीची जितकी तितकीच केंद्राच्या दुबळेपणाचीही होती. १७८४ मध्ये बादशहाकडून त्यांनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे सर्वाधिकाऱ्याचे पद मिळवले, त्याची नायबी स्वतःकडे घेतली, आणि १७९२ मध्ये पुण्यात येऊन मोठ्या समारंभाने पेशव्यांना त्याची फर्माने व वस्त्रे अर्पण केली. साताऱ्याची वस्त्रे अंगावर असताना पेशव्यांनी दिल्लीची वस्त्रे घालावीत काय, याची कुजबूज पुण्यात झाली ती उगाच नव्हे; अधिमान्यतेचे झरे दोन झाले की कोणाचे पाणी प्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पुढल्याच वर्षी १ जून १७९३ रोजी लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजा समोरासमोर लढल्या. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध सगळे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एकत्र आले, आणि तसे एकत्र येण्याची ती शेवटची वेळ ठरली.

त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले आणि पुढील सात वर्षे वारसाच्या वादांनी एकापाठोपाठ एक घराणी पेटली. १७९६ मध्ये साताऱ्याहून आधी चिमाजी अप्पांना (रघुनाथरावांच्या धाकट्या मुलाला) आणि त्याच वर्षाअखेर त्यांचे थोरले बंधू बाजीराव यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली, आणि दोन्ही वेळी निर्णय साताऱ्यात झाला नव्हता, पुण्याभोवती तळ देऊन बसलेल्या दौलतराव शिंद्यांच्या फौजेकडे पाहून झाला होता. १७९७ मध्ये तुकोजी होळकरांच्या मुलांत वाद लागला, तो शिंद्यांनी एका भावाची बाजू घेऊन आणि दुसऱ्याला पुण्यात मारून सोडवला. १८०१ मध्ये याच भावांपैकी विठोजी होळकरांना बाजीरावांनी हत्तीच्या पायी दिले. त्यांचे बंधू यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले ते या पार्श्वभूमीवर, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला त्यांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. यानंतरचे त्यांचे वर्तन फार महत्त्वाचे आहे. पुणे हाती असताना यशवंतरावांनी स्वतः मसनदीवर बसण्याचा विचार केला नाही; बाजीरावांचे दत्तक बंधू अमृतराव यांचे पुत्र विनायकराव यांना पुढे करून ते साताऱ्याच्या वस्त्रांसाठी खटपट करीत राहिले. सत्ता पूर्णपणे तलवारीच्या टोकावर आलेली असतानाही वस्त्रांवाचून ती चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

बाजीराव महाडमार्गे इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोहोचले होते. तेथील तहाने कंपनीची किमान ६,००० पायदळाची फौज पेशव्यांच्या मुलखात कायम ठेवण्याचे ठरले आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत हीच कलमे ठळक छापली जातात. संघाच्या दृष्टीने प्राणघातक कलमे मात्र वेगळी होती : कंपनीच्या सल्ल्यावाचून पेशव्यांनी कोणाशी युद्ध किंवा वाटाघाटी करू नयेत, आणि निजामाशी व गायकवाडांशी असलेल्या त्यांच्या वादांत कंपनीचा निवाडा मान्य करावा. १७४३ मध्ये शाहू महाराज जे काम करीत होते, ते साठ वर्षे रिकामे पडलेले काम अखेर कलकत्त्याच्या कंपनी सरकारने पत्करले.

शिंदे आणि भोसले यांनी तह नाकारला. सालबाईच्या तहाला शिंदे जामीन असताना त्यांना न विचारता नवा तह होतोच कसा, असा दौलतरावांचा आक्षेप होता. त्यामागे अधिक मोठे तत्त्व दडलेले होते ते असे की संघाच्या प्रमुखाला घटकांच्या संमतीवाचून संघाचे स्वातंत्र्य गहाण टाकता येत नाही. तत्त्व बरोबर होते, पण ते कोठेही लिहिलेले नव्हते आणि कोणत्याही सभेत सिद्ध करता येत नव्हते, तेव्हा ते असईला आणि अडगावला मांडावे लागले. १८०३ च्या त्या युद्धात यशवंतराव होळकर बाजूला राहिले आणि १८०४ मध्ये एकटे लढले. गायकवाड तैनाती फौज आधीच घेऊन बसले होते. इंग्रजांनी देवगावला भोसल्यांशी, सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी आणि १८०५ मध्ये राजघाटला होळकरांशी वेगवेगळे तह केले. पुणे आणि एकेक सरदार यांच्यात पूर्वी जसे दुहेरी नाते होते, तसेच ते आता कंपनी आणि एकेक सरदार यांच्यात झाले. मधला माणूस तेवढा बदलला.

या साऱ्याचा निष्कर्ष मराठ्यांच्या अंगभूत दुहीपाशी आणून सोडण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सवय सोयीची असली तरी इतर संघांकडे पाहिले म्हणजे टिकत नाही. अमेरिकेतील तेरा राज्यांनी १७८१ मध्ये जो पहिला संघ केला त्याच्या काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, राज्ये आपला वाटा भरत नव्हती, आणि काही वर्षांतच तो डबघाईला आला. त्यांच्यात आणि मराठ्यांत फरक एवढाच की १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला जमून नवी घटना लिहिण्याची आणि ती राज्याराज्यांत मान्य करून घेण्याची वाट त्यांना सापडली. ती वाट सापडायला काँग्रेस नावाची, दुबळी का होईना, एक सभा अस्तित्वात असावी लागली. सत्तावीस राष्ट्रांच्या आजच्या युरोपीय संघात सभा, न्यायालय, दफ्तर सगळे आहे, आणि अडचण बरोबर उलट आहे : यंत्रणा आहे, पण सामान्य नागरिकाला ती आपली वाटत नाही. १९७९ पासून युरोपीय संसद थेट मतदानाने निवडली जाते, तरी फ्रान्स व नेदरलँड्सच्या मतदारांनी २००५ मध्ये युरोपच्या घटनेचा मसुदा फेटाळला. परराष्ट्र धोरणात आजही बहुतेक निर्णयांना एकमत लागते, त्यामुळे एक राष्ट्र सर्वांना अडवू शकते. मात्र ब्रिटनने २०१६ मध्ये कौल घेऊन ३१ जानेवारी २०२० रोजी संघ सोडला तो लिस्बनच्या तहातील पन्नासाव्या कलमाने, एकही गोळी न झाडता. मराठा संघाकडे लोकांच्या आणि सरदारांच्या मनातली गादीविषयीची निष्ठा युरोपला हेवा वाटावा इतकी होती. एकमेकांशी लढणारे सरदारही छत्रपतींचे नाव सोडत नव्हते. संघाकडे नव्हती ती ही निष्ठा निर्णयात उतरवणारी जागा. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली ‘मराठी सत्तेचा उत्कर्ष’ या विषयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठ्यांच्या संघात्मक रचनेकडे बळ म्हणून पाहिले, आणि विस्ताराच्या काळापुरते ते यथार्थ आहे. वाटून घ्यायला नवा मुलूख उरला नाही तेव्हा मात्र तीच रचना निराधार झाली.

मराठा संघाचा शेवटचा अंक पुन्हा ठाणे जिल्ह्याला स्पर्शून जातो. गायकवाडांची पेशव्यांकडील जुनी देणी मिटवण्यासाठी कंपनीच्या हमीवर आलेले बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. त्याचा ठपका ज्यांच्यावर आला ते त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून सप्टेंबर १८१६ मध्ये निसटले. आणि १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात कंपनीचा पुण्यातील रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने बाजीरावांकडून असे लिहून घेतले की मराठा संघ बरखास्त झालेला आहे आणि पेशव्यांना त्याच्या प्रमुखपणाचा हक्क उरलेला नाही. जो संघ कधी कागदावर स्थापन झाला नव्हता त्याचे विसर्जन मात्र रीतसर कागदावर झाले. इंग्रजांना अधिमान्यतेचे मर्म चांगले कळलेले होते, याचा पुरावा पुढच्या वर्षी मिळतो. फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारा हाती येताच एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून, आपले युद्ध पेशव्याशी आहे आणि छत्रपतींना आपण राज्य देणार आहोत असे घोषित केले; काही दिवसांतच आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. पेशव्यांना सोडून घरी परतणाऱ्या सरदार-शिलेदारांना आपण धन्याशी बेइमानी करीत नसून धन्याकडेच जात आहोत असे म्हणण्याची सोय त्यामुळे झाली. काम झाल्यावर १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाला.

शिंदे, होळकर आणि गायकवाड यांची राज्ये मात्र पुढे शंभर वर्षे टिकली. कोल्हापूर १ मार्च आणि बडोदे १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. ग्वाल्हेर आणि इंदूर यांनी त्याआधी इतर संस्थानांसह एका लेखी करारावर सह्या केल्या, आणि २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघाचे उद्घाटन झाले. कोणाला वरचे स्थान द्यायचे हा जुना वाद या वेळी कलमांनी सोडवला गेला : शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख, राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा संघ मध्य प्रदेशात मिसळला, आणि राजधानी दोघांपैकी कोणाकडेच न राहता भोपाळला गेली.